बाळाची खोली: थीम नको, पण गोळा केल्यासारखीही दिसू नये

प्रश्न: सातवा महिना चालू आहे. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातली १० बाय ११ फुटांची लहान खोली बाळासाठी ठेवली आहे. दुकानात आणि ऑनलाइन सगळं सेटमध्येच मिळतं. जंगल घेतलं की पडद्यापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत तोच हत्ती. ते आम्हाला नको आहे. पण थीम घेतली नाही तर खोली इकडून तिकडून गोळा केल्यासारखी दिसेल, अशी धास्ती वाटते. त्यातून सासूबाई म्हणतात, बाळ घरी येईपर्यंत त्याच्यासाठी काहीही आणायचं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सासूबाईंचं ऐका, मी मनापासून सांगते आहे. बावीस वर्षं मी पुण्यात घरांच्या आतल्या सजावटीची कामं करते, आणि हा आग्रह जवळजवळ प्रत्येक घरात ऐकला आहे. सुरुवातीला मला तो कामातला अडथळा वाटायचा. आता वाटतं, थीमशिवाय खोली करायची असेल तर याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. बाळाची वस्तू आणू नका असं त्या म्हणतात. घराच्या डागडुजीला त्यांची ना नसेल. ओल, रंग, वायरिंग, खिडकीला डासांची जाळी, पडद्याचे रॉड, भिंतीतल्या खुंट्या ही सगळी घराची कामं. ती आता उरका. सजावट बाळ आल्यावर होऊ द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर बाळ या खोलीत येणार तिसऱ्या, कुठे कुठे पाचव्या महिन्यात. तोवर बारसं झालेलं असेल, नाव ठरलेलं असेल. बाळंतविड्यात आलेली अंगडी-टोपडी, कुंची, दुपटी, चांदीचे वाळे, आत्याने विणलेलं काहीतरी, असा बराच ऐवज जमलेला असेल. खोलीला चेहरा येतो तो या वस्तूंमुळे. सेट घेणाऱ्याला हे सगळं यायच्या आधीच जागा भरून टाकावी लागते, आणि मग आत्याचं विणकाम हत्तीशी जुळत नाही म्हणून कपाटात जातं. थीमबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. ती दिसायला वाईट नसते, पण ती घरातल्या माणसांना आत येऊ देत नाही.

खोलीत नेमकं काय होणार आहे, ते आधी डोळ्यासमोर आणा. पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या पाळण्यात झोपावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे रात्रीची झोप इथे नाही. इथे होणार दुपारची डुलकी, दूध पाजणं, कपडे बदलणं, मालिश, आणि थोड्या दिवसांनी पालथं पडून केलेला व्यायाम. मालिशवाल्या मावशी जमिनीवर पाय पसरून बसतात. त्यांना आणि बाळाला मिळून सहा बाय चार फूट मोकळी जमीन लागते, तीही खिडकीच्या झोतात नाही आणि पंख्याच्या थेट खाली नाही. मी आराखडा काढते तेव्हा ही जागा आधी खडूने आखते, मग उरलेल्यात फर्निचर बसवते. बहुतेक खोल्या बिघडतात त्या इथेच. मोठा क्रिब, मोठी डोलखुर्ची आणि मोठं कपाट आणलं की १० बाय ११ मध्ये जमीनच उरत नाही, आणि मावशी बाळाला घेऊन हॉलमध्ये बसतात.

आणखी एक गोष्ट. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढंच लांबचं. ठळक, गडद-फिकट कडा त्याला आधी कळतात. रंगांची जाण पुढच्या काही महिन्यांत येत जाते. समोरच्या भिंतीवरचा जिराफ त्याच्या गावीही नसतो. ती भिंत तुमच्यासाठी आहे, दुपारी अडीच वाजता डोळ्यांवर झापड असताना तुम्ही तिच्याकडे बघत बसणार आहात. म्हणून तिच्यावर तुम्हाला आवडतं ते लावा, बाळाला आवडेल असं दुकानदाराला वाटतं ते नको. बाळासाठीची सजावट म्हणजे त्याच्या डोळ्यांवर टांगलेलं चिमणाळं. आपल्याकडे ते फार पूर्वीपासून आहे: रंगीत कापडाच्या चिमण्या, मध्ये एखादा पोपट, खाली मण्यांची झालर. वाऱ्याने हलतं, बाळाची नजर त्याच्यामागे फिरते. एवढंच सांभाळा, की ते हाताच्या टप्प्याबाहेर आणि पक्कं बांधलेलं असावं, आणि बाळ उठून बसायला धडपडू लागलं की उतरवावं.

आता तुमच्या मूळ धास्तीकडे. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या काळांतून आलेल्या वस्तू एका खोलीत भांडत नाहीत, जर त्यांच्यामागची पार्श्वभूमी ठरलेली असेल. मी तीनच गोष्टी पक्क्या करते: भिंतीचा एक शांत रंग, लाकडाची एकच छटा, आणि पिवळसर उजेड. या तीन जागी वैविध्य करायचंच नाही. मग कापड, खेळणी, चित्रं, टोपल्या यांना हवं तसं वागू द्या.

भिंतीला पांढराशुभ्र देऊ नका. ट्यूबलाइटखाली तो दवाखान्यासारखा दिसतो आणि जुन्या वस्तू त्याच्यापुढे मळकट वाटतात. मोतिया, ताकासारखा किंचित पिवळटपणा असलेला, अगदी फिकट अबोली किंवा कच्च्या कैरीच्या गराचा हिरवट पांढरा, यांतलं काहीही चालतं. रंगाऱ्याला भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना लावायला सांगा आणि तो सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघा. शेडकार्डावरचा चौकोन बघून रंग ठरवला की हमखास एक घर गडद निघतो. लाकडाचं म्हणाल तर घरात सागवानी काही असेल तर सगळं सागवानीच्या जवळ न्या. नवं प्लायचं कपाट करणार असाल तर त्याला सागवानी व्हिनियर लावा. पांढऱ्या चकचकीत सनमायकाचं एक कपाट सगळ्या खोलीचा ताल मोडतं. पिवळसर उजेडासाठी दिवे २७०० ते ३००० केल्विनचे घ्या. हा आकडा एलईडीच्या खोक्यावर लिहिलेला असतो. छतावरचा दिवा पाळण्याच्या बरोबर वर नको, कारण उताणं पडलेलं बाळ थेट त्याच्यात बघत राहतं. गुडघ्याच्या उंचीवर एक मंद दिवा ठेवा.

याच्यावर एक रंग खोलीभर फिरवायचा. तो शेडकार्डातून निवडू नका, तुमच्या आवडत्या एका वस्तूतून उचला. गेल्या वर्षी कोथरूडमध्ये एक खोली केली. मुलीचं माहेर सोलापूरचं, मुलाचं मूळ घर कुडाळजवळचं. जमलेल्या वस्तू अशा: मुलीच्या आजीची इरकल साडी, घड्यांवर विरलेली पण पदर शाबूत. मुलाचा पांगुळगाडा, एका चाकाला तडा गेलेला. सावंतवाडीच्या चितार आळीतून कधीकाळी आणलेली लाकडी फळांची टोपली, त्यातलं वांगं जांभळं नि मिरची पोपटी. काकांनी काढलेले रेल्वे इंजिनांचे फोटो, आणि आईला नोकरीच्या पहिल्या पगारात घेतलेली राखाडी वेताची खुर्ची टाकवत नव्हती. कागदावर ही यादी बघून मुलीचा चेहरा पडला होता.

आम्ही इरकलीच्या पदरातला लाल पकडला. पदर कापून, मागे सुती अस्तर लावून, तो भिंतीवर टांगला. हा त्या लालाचा मोठा तुकडा. दुसरा मध्यम: खुर्चीवरची उशी. तिसरा अगदी बारीक: पडद्याच्या कडेला पाव इंचाची लाल गोट. मोठा, मध्यम, बारीक, आणि तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर. तिन्ही सारख्या आकाराचे केले असते तर पुन्हा सेटच झाला असता. रेल्वेचे फोटो काळे-पांढरे होते, त्यांना सागवानी फ्रेम केल्या. फळांच्या टोपलीचे सगळे रंग तसेच राहिले, कारण ती एकटीच बोलकी वस्तू होती आणि तिच्याभोवती शांतता होती. पांगुळगाड्याचं चाक सुताराने बदललं. नवं चाक मुद्दाम जुनं दिसेल असं रंगवायला मी नको म्हटलं. जुनी चाकं बापाची आणि नवं लेकाचं, हे मला फार आवडलं.

उलटा अनुभवही सांगते. माझ्या सुरुवातीच्या कामांत एका घरात मी सगळंच जुनं वापरलं. शिसवी कपाट, पितळी समया, जुन्या पेटीचं बाकडं, रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रांची रांग. एकेक वस्तू सुंदर होती. बाळंतीण दोन दिवस त्या खोलीत बसली आणि म्हणाली, "ताई, इथे मला आवाज चढवायची भीती वाटते." वस्तू ठेवण्याचं ठिकाण झालं होतं ते, बाळाचं नव्हे. निम्मं काढून टाकलं, जमिनीवर साधी सतरंजी आली, प्लास्टिकचा पिवळा टब दाराआड न लपवता तसाच कोपऱ्यात राहिला, तेव्हा कुठे खोली मोकळी झाली. तेव्हापासून मी प्रत्येक खोलीत दोन-तीन अगदी आजच्या, स्वस्त, धुता येणाऱ्या गोष्टी मुद्दाम दिसतील अशा ठेवते.

आता लगेच करायच्या कामांतलं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओल. बाहेरच्या बाजूची, विशेषतः नैर्ऋत्येकडची भिंत पावसाळ्यात हात लावून बघा. रंगाला फुगे, खाली पांढरी पूड, कपाटामागे काळे ठिपके असतील तर आधी बाहेरून भेगा बुजवून घ्या. आतून कितीही महागडा रंग मारला तरी तो एका पावसाचा पाहुणा. त्या भिंतीवर वॉलपेपर अजिबात नको, त्याच्यामागे बुरशी वाढते आणि दिसत नाही. कपाट भिंतीपासून दोन इंच सोडून ठेवा.

रंगाचं दुसरं प्रकरण शिशाचं, म्हणजे लेडचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असलं पाहिजे, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. नवा डबा घेताना त्यावर तसा उल्लेख बघा. खरा धोका जुन्या इमारतीत असतो, दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटच्या आतल्या थरांत. ते कोरडं घासू देऊ नका. पाणी लावून ओलं घासायचं, कचरा गोणीत भरायचा, आणि हे काम चालू असताना तुम्ही घरात थांबायचं नाही. आईकडे जा. कमी वासाचा पाण्यातला इमल्शन रंग निवडा आणि बाळ येण्याआधी निदान महिनाभर खिडक्या उघड्या राहतील असा हिशेब करा. तुमच्याकडे तो वेळ आहे.

पाळणा घरातला जुना असेल तर मला आनंदच आहे, पण टेप घेऊन बसा. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटून डोकं अडकू शकतं. गादी कडक, सपाट आणि चारी बाजूंनी बेतलेली हवी. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. आत उशी, लोड, गजांना बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, मऊ खेळणी काहीही नको, आणि बाळाला उताणंच झोपवायचं. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात त्या राईच्या उशीबद्दल घरात बोलणं होईल. आजीने प्रेमाने शिवलेली असेल तर ती घ्या, नमस्कार करून घ्या, पण झोपलेल्या बाळाखाली ठेवू नका. पाळण्याच्या वरच्या भिंतीवर फ्रेम, फळी, घड्याळ असं पडू शकणारं काहीही लावू नका. पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या आखूड करून वर गुंडाळून ठेवा. खणांचं कपाट कंबरेच्या उंचीचं घेतलं तर त्यावर कपडे बदलता येतात, मात्र ते एल-पट्टीने भिंतीला आवळलंच पाहिजे. वर्षभरात तेच बाळ खण ओढून शिडी करतं.

गोधडीचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण थीमशिवायच्या खोलीची ती जणू कुलस्वामिनी आहे. एकाच गोधडीत दोन्हीकडच्या बायकांची लुगडी, बापाचा शाळेचा सदरा, परकर, धोतर असं सगळं असतं, काहीच कशाशी जुळत नाही, आणि तरी ती एकसंध दिसते. का? कारण सगळीकडून एकाच हाताचा धावदोरा गेलेला असतो. घरात शिवणारं कुणी असेल तर दोन्ही घरांतून मऊ झालेलं सुती कापड मागवून घ्या. सिंथेटिक साडी नको, घाम शोषत नाही. वाचत असताना तुमच्या मनात आलं असेल की ही तर बाळाची वस्तू झाली. जुन्या साड्यांची गोधडी घरात आणायची नसते, ती घरातच असते; सासूबाईंना विचारलंत तर बहुधा त्याच सुई-दोरा घेतील. टांगायची तर मागे वरच्या कडेला तीन इंचांचा नेफा शिवा, त्यातून वेळूची काठी घाला आणि दोन खुंट्यांवर ठेवा. खिळे ठोकून कापड फाडू नका. बाळ पालथं पडू लागलं की तीच गोधडी खाली जमिनीवर येते. झोपलेल्या तान्ह्यावर जाड गोधडी पांघरू नका.

कपड्यांसाठी प्लास्टिकच्या खोक्यांऐवजी बुरूड आळीतून टोपल्या आणा. कामट्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासून आत सुती कापड टाचून घ्या, नाहीतर दुपट्यांचे धागे अडकतात. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर आरशाची चौकट, लहान फडताळ, खुंट्यांची फळी असं काहीतरी सापडतं. मात्र रंगवलेली वस्तू घेतलीत तर शिशाची शंका धरून ती बाळाच्या हाताबाहेर ठेवा. सावंतवाडीची जुनी खेळणीही अशीच, फळीवर शोभतील. तोंडात जाणाऱ्या नव्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असल्यामुळे हाताने केलेल्या चांगल्या खेळण्यावर ते नसूही शकतं. तिथे कारागिरालाच विचारायचं, रंग कोणता, लाख लावली आहे का, सुटणारा मणी किंवा चाक आहे का.

वारलीचे स्टिकर लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज पालघर-डहाणूकडे कितीतरी चित्रकार काम करतात. त्यांच्यापैकी कुणाकडून एकच लहान, सही असलेलं चित्र घ्या. तारपा नाचाचा घेर, झाड, भातलावणी असं काहीही. पालघाट देवीचा चौक हा लग्नातला विधी आहे, शोभेसाठी तो काढून घेऊ नये. गेरूवर पांढरं, एवढ्या दोनच रंगांत असल्यामुळे ते चित्र कुठल्याही खोलीत सामावतं, आणि गडद-फिकट इतकं स्पष्ट असतं की बाळाचीही नजर लवकर ठरते. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगायची कला, हाही असाच एक जिवंत पर्याय आहे. चित्रं जरा खाली लावा, जमिनीपासून चार फुटांच्या आसपास. या खोलीत तुम्ही उभ्यापेक्षा बसलेल्याच जास्त असणार.

नावाची अक्षरं आधी आणू नका, तसंही नाव बाराव्या दिवशी ठरणार. बारसं झालं की जवळच्या एखाद्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे जा. दुकानांच्या आणि टेम्पोच्या पाट्या रंगवणारे हात अजून आहेत, काम कमी झालंय. फूटभर लाकडी फळीवर बाळाचं नाव देवनागरीत, सावलीसकट लिहून घ्या. त्या वेलांटीला जो डौल असतो तो छापील अक्षराला येत नाही. मी आजवर सात-आठ घरांसाठी अशा पाट्या करून घेतल्या, त्यातली एक मुलगी आता कॉलेजला आहे आणि पाटी तिच्या होस्टेलच्या खोलीत आहे.

एक भिंत पूर्ण मोकळी सोडा. तिच्यावर चार खुंट्या मारून ठेवा आणि काहीही टांगू नका. बाळाला काय आवडतं हे अजून कुणालाच माहीत नाही.

या आठवड्यात दोनच कामं: रंगाऱ्याला बोलावून ओल दाखवा, आणि सासूबाईंना व आईला विचारा की तुम्हा दोघांच्या लहानपणचं काय काय जपून ठेवलंय. बहुतेक ते माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. ट्रंक काढायला तुम्ही स्टुलावर चढू नका, नवऱ्याला चढवा.